फ्लॉपीवरचं मासिक

आबांचे डोळे बिघडलेत हे आमच्या घरात पहिल्यांदा कळलं ते मासिकामुळं. बुद्धिबळाचं एक इंग्रजी मासिक दर महिन्याला टपालानं आमच्या कराडजवळच्या मलकापूरच्या घरी यायचं. आबा ड्युटीवरून आले, की हातपाय धुऊन, चहा घेऊन, मगच त्याचं खाकी वेष्टन फोडायचे. त्या दिवशी त्यांनी वेष्टन फोडलं, चार पानं उलटली आणि अंक माझ्यापुढं धरला.

"ह्या बारीला छपाई लय पुसट आलीय. शाई संपली का काय ह्यांची?"

मी बघितलं. छपाई नेहमीसारखीच होती, काळी, ठसठशीत. मी तसं म्हणाले. आबांनी अंक परत घेतला, खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला आणि मिटून ट्रंकेवर ठेवला. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, एवढं मला आठवतं.

मिरजेला डोळ्यांचे चांगले डॉक्टर होते. त्यांनी तपासून सांगितलं, की साखरेनं डोळ्यांच्या मागचा पडदा खराब झालाय. लेसर करू, आहे ती नजर सांभाळायचा प्रयत्न करू, पण गेलेली परत येणार नाही. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बारीक अक्षर दिसंल का, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "मोठं दिसेल."

आबा कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कंट्रोलच्या खिडकीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. लेसरनंतर सोबतच्या लोकांनी नोंदींचं काम आपल्याकडं घेतलं आणि आबांच्या हातात नुसता माईक ठेवला. सगळं वेळापत्रक त्यांना पाठ होतं. पाटण, इस्लामपूर, विटा, दहिवडी, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते हे बघायला त्यांना डोळे लागत नव्हते. नोकरी त्यामुळं चालू राहिली. मासिकाचं मात्र काय करायचं, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही, तरी तो होताच.

बुद्धिबळ आबांना भेटलं ते साताऱ्याच्या वसतिगृहात. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या होत्या. गावकीची कामं बंद आणि पोराला शाळा. त्याप्रमाणे आबा सातवीनंतर वसतिगृहात गेले. तिथं त्यांच्या शेजारच्या पेटीवर दुष्काळी आटपाडीकडचा एक मुलगा होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पहिल्या दिवशी त्यानं आबांना विचारलं, "तुमच्याकडं पाऊस पडतोय व्हय रं?" आणि आबा 'पडतो की' म्हणाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, असं आबा हसून सांगायचे. ह्या दोघांनी खडूचे तुकडे ब्लेडनं कोरून सोंगट्या केल्या. निम्म्या शाईत बुडवून काळ्या केल्या. पुठ्ठ्यावर पट आखला. दोघांची दोस्ती त्या पटावर जमली ती कायमची.

तो मुलगा पुढं शिकत गेला आणि सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागला. मी त्यांना काका म्हणायची. मासिक दोघांच्या भागीत होतं. आधी आमच्याकडं यायचं, आबांचं वाचून झालं की ओळखीच्या कंडक्टरच्या हाती सांगलीला जायचं आणि काका स्टँडवर येऊन घेऊन जायचे. दोन-तीन रविवारांआड काका स्वतः यायचे. मग दुपारभर पट मांडलेला असायचा आणि आई मधेमधे चहा ठेवून जायची. सांगलीत उन्हाळ्यात स्पर्धा व्हायच्या, त्यालाही दोघं मिळून जायचे. आबा कधी जिंकून आले नाहीत. एकदा एका मोठ्या खेळाडूशी बरोबरी केली होती, तेवढ्यावर ते पुढं कित्येक वर्षं खूश होते.

मासिक मी वाचून दाखवायला लागले ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मी तेव्हा कराडला कॉलेजात होते, पहिल्या वर्षाला. नवा अंक येऊन चार-पाच दिवस ट्रंकेवर वेष्टनासकट पडून होता. मी तो फोडला आणि आबांच्या शेजारी जाऊन बसले.

"कुठनं वाचू?"

आबा म्हणाले, "तुला येईल का? नुसत्या चाली असत्यात."

"अक्षरं आणि आकडे तर आहेत. सांगा कसं वाचायचं ते."

त्यांनी सांगितलं. पटावरच्या उभ्या रांगांना इंग्रजी अक्षरं, आडव्या रांगांना आकडे. मी वाचायची आणि ते समोरच्या पटावर सोंगट्या हलवायचे. लाकडी सोंगट्या, मुलांच्या मुठीत मावतील एवढ्या, त्यांना हाताला कळायच्या. पहिल्या दिवशी फार घोटाळे झाले. बी, सी, डी, ई, जी ही अक्षरं तोंडानं म्हटली की एकसारखीच ऐकू येतात. मी बी म्हणायची, ते डी ऐकायचे, आणि दहा चालींनंतर डाव असा गुंतायचा, की दोघांनाही उलगडा होईना. शेवटी आबांनीच तोड काढली. बी म्हणजे बेळगाव, सी म्हणजे चिपळूण, डी म्हणजे दहिवडी, जी म्हणजे गारगोटी. पुकारायची सवय त्यांना होतीच.

मग आमच्या घरातून रोज संध्याकाळी असं ऐकू यायला लागलं, "पांढरा घोडा चिपळूण तीन. काळा उंट बेळगाव चार."

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आवं, घोडा चिपळूणला गेला तर परत कवा यायचा?"

आबा हसायचे. बऱ्याच दिवसांनी हसायला लागले होते.

आईचं शिक्षण पाटणजवळच्या एका वाडीत चौथीपर्यंत झालेलं. मराठी वाचता यायचं, हळूहळू. इंग्रजीचं अक्षर ओळखत नव्हती. घरी शिवणयंत्र होतं, त्यावर ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. आमचं वाचन चालायचं तेव्हा यंत्र थांबवून ती काजं-बटणं करायला घ्यायची, म्हणजे आवाज होऊ नये. पण आमच्यात येऊन कधी बसली नाही.

दोन वर्षं असं चाललं. मला खेळायला जमलं नाही, आजही जमत नाही, पण वाचायला जमलं. डाव कुठं रंगात आलाय हे मला आबांच्या श्वासावरून कळायचं. लेखही मी वाचायची, कळेल तसा अर्थ सांगायची. त्या दिवसांत माझ्या बरोबरीच्या मुली संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जायच्या. मी घरी यायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट कॉलेज सुटलं, की आज कुठला डाव निघेल ह्याची ओढ असायची.

मग एका अंकात शेवटच्या पानावर ती सूचना आली. येत्या वर्षापासून मासिक छापील अंकाच्या ऐवजी फ्लॉपीवरही मिळेल. वर्गणीदारांनी दोन्हींपैकी काय हवं ते कळवावं. फ्लॉपी संगणकात घातली, की पडद्यावर पट दिसेल, बटण दाबलं की चाल आपोआप होईल आणि लेखाचं अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येईल.

मी ते सगळं वाचलं. आबा ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "शेवटचं परत वाच."

"अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येईल."

मी अंक मिटून ट्रंकेवर ठेवला.

पुढच्या रविवारी काका आले ते तयारीनंच. त्यांनाही अंक मिळाला होता. चपला काढता काढताच म्हणाले, "गड्या, फ्लॉपीच घ्यायची. माझा जुना संगणक पडून हाय. कॉलेजकडनं मला नवा मिळालाय. ह्यो तुला आणून बसवतो."

आबा म्हणाले, "आनि लाईट गेली म्हंजे? कागदाला लाईट लागत न्हाई."

"तुला कागदाचं काय दिसतंय रं आता?" काका एकदम बोलून गेले, आणि मग त्यांनी मान खाली घातली.

"माझी लेक वाचती की."

"वाचती. मी कुठं न्हाई म्हणतोय? पण अक्षर बोटाएवढं होतंय बघ त्यावर. मी करून बघितलंय."

आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भावजी, त्या डब्यानं डोळ्यांस्नी त्रास हुईल ना?"

"डॉक्टरांना इचारा वैनी. मग ठरवू."

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याकडं बघितल्यानं आजार वाढत नाही, थकवा येईल तेवढाच. तरी आबा दोन आठवडे काही ठरवेनात. मला मनातून वाटत होतं, ते छापील अंकच म्हणतील. एका संध्याकाळी डाव वाचता वाचता मधेच त्यांनी मला थांबवलं.

"काकाला फोन कर. फ्लॉपी घे म्हणावं."

मी विचारलं, "का आबा? माझं वाचन चुकतंय का?"

"चुकत न्हाई गं. लय झ्याक वाचतीस." मग म्हणाले, "पर वाचताना माणसाला मागं जायचं असतंय. एखाद्या चालीपाशी निस्तं बसून ऱ्हायचं असतंय. तू बसलेली असलीस, की मला वाटतंय हिचा वेळ जातोय. मग मी म्हणतो, चल म्होरं. एकट्यानं वाचायला मिळालं तर बघतो."

मी पीसीओवर गेले आणि काकांना फोन केला.

काकांनी संगणक आणला तो एका जीपमधून, चादरीत गुंडाळून. ट्रंक हलवून टेबलाला जागा केली. काका तासभर वायरी जोडत होते. पडदा लागला, त्यावर पट आला, आणि आबा खुर्ची पुढं ओढून नाक लावायचं बाकी ठेवून बघायला लागले. सोंगट्या मोठ्या होत्या, पांढऱ्या आणि काळ्या, चित्रासारख्या. काकांनी बटण दाबलं. पांढरं प्यादं दोन घरं पुढं सरकलं.

"दिसलं?" काकांनी विचारलं.

"दिसलं," आबा म्हणाले. "दाब की परत."

अडचण आली ती बटणांची. पडद्यावरचं दिसत होतं, पण हाताखालची बटणं एकसारखी. पुढं जायचं कुठलं, मागं यायचं कुठलं, अक्षर मोठं करायचं कुठलं, बोट चुकायचं. आईनं ते बघितलं. तिनं शिवणाच्या डब्यातनं लहान मुलांच्या अंगड्याची बटणं काढली, आणि काकांनी दाखवलेल्या तीन कळांवर एकेक डिंकानं चिकटवलं. पुढच्याला गोल, मागच्याला चौकोनी, अक्षराच्या कळेला फुलाचं. काका म्हणाले, "वैनी, हे कंपनीला कळवाय पायजे." आई पदर सारखा करत आत गेली.

त्या दिवसापासून आबांचं वाचन आबांचं झालं. स्टँडवरून आले, की चहा घेऊन टेबलाशी बसायचे. टकटक ऐकू यायची. कधी बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, मग एकदम चार-पाच टकटक. पुढं गेलेत की मागं आलेत, ते बाहेरून कळायचं नाही. लेखाची अक्षरं एवढी मोठी करायचे, की पडद्यावर एका वेळी दोन-तीनच शब्द मावायचे. एक लेख वाचायला त्यांना तीन-तीन संध्याकाळ लागायच्या, पण ते वाचायचे. एकदा ते एकटेच मोठ्यानं हसले. मी शेजारच्या खोलीतून विचारलं, "काय झालं आबा?"

"काय न्हाई गं. चाल बघितली एक."

दोन वर्षांत मला पहिल्यांदा न कळलेली ती चाल होती. मी पुस्तक उघडून बसले, पण त्या संध्याकाळी माझ्यानं काही वाचन झालं नाही.

लाईट जायची, तेव्हा टेबलाशीच बसून राहायचे. मी म्हणायची, जुना अंक वाचू का? ते म्हणायचे, येईल आता. खरंच यायची बहुतेक वेळा. छापील अंक घरी येणं बंद झालं. फ्लॉपी काकांच्या पत्त्यावर यायची, ते आपल्यासाठी तिची नक्कल उतरवून घ्यायचे आणि ती आम्हाला आणून द्यायचे, त्यामुळं कंडक्टरच्या हाती मासिक पाठवणंही बंद झालं. मी बी. ए. झाले, बी. एड. झाले, आणि साताऱ्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली. तिथंच खोली घेऊन राहायला लागले. शनिवारी दुपारी शाळा सुटली की घरी यायची.

मी साताऱ्याला गेले त्याच वर्षी दिवाळीनंतर ते झालं. आबा सकाळी माईकवर होते. पाटणची गाडी पुकारली, आणि पुढची पुकारायच्या आधीच थांबले. शेजारच्या कारकुनानं मागनं आईला सांगितलं, की ते जागेवरून उठले, दारापाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "गड्या, मला जरा धर. बाहेर उजेड हाय का?" बाहेर लख्ख ऊन होतं.

दोन्ही डोळ्यांत आतून रक्त उतरलं होतं. मिरजेला नेलं, ऑपरेशन झालं, पट्ट्या निघाल्या. डॉक्टरांनी समोर बोटं धरली, टॉर्च धरली. उजेड आहे की अंधार, एवढं आबांना कळत होतं. त्यापलीकडं काही नाही. डॉक्टर चांगले होते, ते बराच वेळ आबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. परत येताना गाडीत आबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. विटा फाटा आला तेव्हा म्हणाले, "फाटा आला न्हवं?" वळणावरून ओळखलं त्यांनी. आई म्हणाली, "व्हय."

नोकरी सुटली. गल्लीतली माणसं भेटायला यायची आणि उठताना टेबलाकडं बघून म्हणायची, त्या डब्यानं डोळं खाल्लं. आई सांगायची, डॉक्टर न्हाई म्हणाले तसं. माणसं मान हलवायची. हे बोलणं काकांच्या कानावर गेलं असावं. ते आले, आबांच्या पायाशी बसले आणि बराच वेळ दुसऱ्याच विषयावर बोलत राहिले. मग पट मांडला. आबांनी सोंगट्या चाचपल्या, चार-सहा चाली केल्या आणि राजा आडवा करून ठेवला. "राहू दे रं आज," म्हणाले. डाव हरलेला नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं.

काका बाहेर नळाशी गेले, तोंडावर पाणी मारलं. मी टॉवेल घेऊन गेले तर म्हणाले, "मीच आणला गं तो संगणक. घेऊन जातो आज."

आई दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भावजी. झाकून ठेवलाय. कुणाला काय खातोय का त्यो?"

संगणक राहिला. आईनं त्याला जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली. फ्लॉप्या येत राहिल्या, वर्गणी भरलेली होती. काका त्या आणून टेबलावर ठेवायचे. मी दर शनिवारी आल्यावर आबांना विचारायची, पडद्यावरचं वाचून दाखवू का. आबा म्हणायचे, "राहू दे. दमून आलीस." रविवारी विचारलं, तर म्हणायचे, "उद्या तुला शाळा हाय." असं त्यांनी पूर्ण हिवाळा काढला. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. ओरडले नाहीत, रडले नाहीत. मला ते फार जड जायचं. मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला परत जायची, आणि स्टँडवर दुसराच कुणी गाड्या पुकारत असायचा.

पुढचं मी पाहिलेलं नाही, आईनं सांगितलेलं आहे.

उन्हाळा सुरू झाला होता. दुपारी आबा असेच पडलेले होते. आईनं यंत्रावरचं काम बाजूला ठेवलं, टेबलावरची खोळ काढली आणि संगणक लावला. कसा लावायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं टेबल पुसता पुसता तिनं आबांच्या बोटांकडं बघितलं होतं. फ्लॉपी घातली, तर यंत्र कुरकुरलं. आबांनी कूस बदलली नाही. पडद्यावर कायबाय इंग्रजी आलं, तिनं दोन-तीनदा चुकीचं दाबलं, शेवटी पट आला. तिनं गोल बटणावर बोट ठेवलं.

"आवं," ती म्हणाली, "पांढरं प्यादं म्होरं आलंय. दोन घरं."

तिनं परत दाबलं.

"काळं बी आलं. त्याच्या तोंडाला तोंड लावून बसलंय."

असं ती सांगत गेली. घोडा उडाला. दुसरा घोडा उडाला. आबा गप्पच. मग ती म्हणाली, "आता पांढरा हत्ती तिरका निघाला, लांब गेला पार."

"हत्ती तिरका जात न्हाई," भिंतीकडून आवाज आला. "उंट आसंल."

"टोकदार डोकं हाय त्याला."

"उंटच त्यो. कुठं गेला?"

"आता कुठं गेला म्हंजे काय सांगू? मला अक्षर येत न्हाई."

आबा उठून बसले. "डावीकडनं मोज," म्हणाले, "आनि खालनं मोज."

आईला डावं-उजवं म्हटलं, की नेहमी घोळ व्हायचा. तिनं टेबलाशी बसून दोन्हीकडं बघितलं. डावीकडं दार होतं, उजवीकडं खिडकी. "दाराकडनं तीन," ती म्हणाली, "आन खालनं चार."

मी त्या शनिवारी घरी आले तेव्हा बोळातच मला आईचा आवाज ऐकू आला. "दाराकडनं सा, खालनं तीन. पांढरा घोडा." मग आबांचा आवाज, "हं. फुडं." मी दारात उभी राहिले. आबा पट मांडून बसले होते आणि आई टेबलाशी. दोघांच्या पाठी माझ्याकडं होत्या. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं बया, राजा आन हत्ती दोघं एकदम हाललं! ह्ये कसं चालतं? डबल खेळी केली की त्यानं."

"त्याला किल्लेकोट म्हणत्यात," आबा म्हणाले. "राजा घरात जाऊन बसतो. एकडाव करू देत्यात."

"कुणी ठरवलं?"

"ठरलंय आपलं."

"मग आमच्या वाडीत ह्ये न्हवतं. माझा बा खेळायचा पारावर, बघितलंय की मी. राजाला अशी पळायला जागा न्हाई द्यायची."

आबांचा हात पटावर थांबला. "तुझा बा खेळायचा?"

"खेळायचा की."

"कवा बोलली न्हाईस."

"इचारलं कुणी?"

मला हे माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं. मी चपला काढल्या तसं त्यांना कळलं मी आलेय. आई उठायला लागली, पण आबा म्हणाले, "डाव हू दे पुरा. ती बसंल की." मी हात धुऊन भिंतीला टेकून बसले. आई फार सावकाश सांगायची. एकेका चालीला घरं मोजायची, कधी चुकायची, मग चौकोनी बटण दाबून मागं यायची आणि परत मोजायची. तिला घाई नव्हती. आबाही तिला 'चल फुडं' म्हणत नव्हते. एका चालीपाशी तर दोघं एवढा वेळ थांबले, की पडदा आपोआप काळा झाला आणि आईला कळ दाबून तो परत आणावा लागला.

तेव्हा मला एक गोष्ट नीट दिसली. छापील अंक आईच्या हातात दिला असता, तर तिला त्यातलं काही करता आलं नसतं. आकडे आणि परकी अक्षरं, एवढंच. इतकी वर्षं ती आमच्यात येऊन का बसली नाही, हे मला त्या भिंतीशी बसून समजलं. पडद्यावर सोंगट्या चालत होत्या, आणि चालणारी सोंगटी बघायला शाळा लागत नव्हती.

लेख तिला वाचता यायचे नाहीत. ते रविवारी माझ्या वाट्याला यायचे. आबा आधीच सांगून ठेवायचे, कुठल्या डावावरचा लेख वाचायचा ते. मी वाचत असताना आई काजं करायला घ्यायची, आणि मधेच सुई थांबवून म्हणायची, "ह्यो त्योच न्हवं का, ज्यानं वजीर फुकट घालवला?" बहुतेक वेळा तोच असायचा.

आबा पुन्हा पूर्वीसारखे झाले, असं मी म्हणणार नाही. सकाळी उठल्यावर काही क्षण ते डोळे उघडे ठेवून बसायचे आणि मग हात पुढं करून खाट चाचपायचे, ते बघवायचं नाही. स्टँडवर चल म्हटलं, तर कधी आले नाहीत. पण भिंतीकडं तोंड करून पडणं सुटलं. काका आले की डाव मांडायचे, आणि आता पुरा खेळायचे.

वर्षाअखेरीला वर्गणीचं परत निघालं. काका आले होते. ते आबांना म्हणाले, "औंदा छापील घ्यावं का? लेक रविवारी येती, ती वाचंल. पयल्यासारखं." मला मनातून ते हवं होतं. खाकी वेष्टन, शाईचा वास, आणि संध्याकाळी आम्ही दोघं. आबांनी चेहरा स्वयंपाकघराकडं वळवला.

"तिला इचार," ते म्हणाले.

आई पोहे परतत होती. काकांनी विचारल्यावर तिनं कढईखालचा गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"फ्लॉपीच घ्या भावजी," ती म्हणाली. "कागदावरचं मला कळत न्हाई. आन ती पोर आठवड्यातनं एकडाव येती. बाकीचं दिस ह्यांनी काय करायचं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "फ्लॉपीच." आबा पटावरच्या सोंगट्या लावत होते. काळे त्यांनी काकांच्या बाजूला लावले आणि म्हणाले, "पोहे झाल्यात का बघ गं. ह्यो उपाशी असला की वाईट खेळतोय."